विश्लेषण : अंटार्क्टिकातली ‘दक्षिण गंगोत्री’ हिमनदी भारताची आहे का?

अंटार्क्टिकाच्या नकाशावर ‘दक्षिण गंगोत्री’ नावाची हिमनदी आहे. नाव भारतीय, वर्षानुवर्षं अभ्यास करणारेही भारतीय. पण ती भारताच्या मालकीची नाही. मग या नावाला अर्थ काय?

हिमनदी नेमकी कुठे?

पूर्व अंटार्क्टिकातल्या क्वीन मॉड लँड भागात शिरमाकर ओअ‍ॅसिस हा बर्फ नसलेला खडकाळ पट्टा आहे. दक्षिणेला खंडावरचा जाड बर्फ, उत्तरेला समुद्रावर तरंगणारा बर्फ आणि मध्ये हा पट्टा. दक्षिणेकडच्या बर्फाची एक जीभ या खडकांवर उतरते, तीच दक्षिण गंगोत्री. भारताचं ‘मैत्री’ केंद्र याच पट्ट्यात आहे.

या नावाची सुरुवात कुठून?

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पहिलं केंद्र उभं राहिलं. त्याचं नावही ‘दक्षिण गंगोत्री’च. या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या अदिती पंत होत्या. तरंगत्या बर्फावरचं ते केंद्र पुढे बर्फाखाली गाडलं गेलं. त्यामुळे आज हे नाव वाचताना केंद्र आणि हिमनदी वेगळी आहे, हे लक्षात ठेवावं लागतं.

अंटार्क्टिकात नावं ठेवतं कोण?

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवरच्या धरणाला येडगाव धरण म्हणतात, कारण तिथं येडगाव आहे. अंटार्क्टिकात गावंच नाहीत, मूळ रहिवासी नाहीत. तिथं संशोधन करणारे देश आपापली नावं ठेवतात. सगळ्यांवर एक अंतिम अधिकारी नाही. ‘स्कार’ ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती सर्व देशांची नावं एका सूचीत एकत्र करते, एवढंच. म्हणून एकाच जागेला अनेक नावं असू शकतात. ‘मैत्री’ला पाणी पुरवणारं तळं भारतीयांसाठी ‘प्रियदर्शिनी’, तर नकाशांवर ‘झुब’ म्हणूनही ओळखलं जातं.

नाव दिलं म्हणजे हक्क मिळतो का?

नाही. क्वीन मॉड लँडवर नॉर्वेने १९३९ मध्येच दावा सांगितला आहे. असे दावे सात देशांचे आहेत. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने हे दावे मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. ते जिथल्या तिथे गोठवले. करार लागू असताना नवा दावा करता येत नाही. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला.

मग भारताच्या हाती काय?

जबाबदारी. हिमालयातल्या गंगोत्री हिमनदीचं गोमुख मागे सरकतंय, तसंच या हिमनदीच्या टोकावरही लक्ष आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून त्याची मोजणी करत आहे. इतक्या वर्षांची सलग नोंद असल्यामुळेच बर्फ मागे सरकतोय का, हे अंदाजाने नव्हे, आकड्यांनी सांगता येतं. भारताच्या प्रस्तावावरून २००५ मध्ये हा भाग ‘विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १६३’ झाला. आता परवान्याशिवाय तिथं जाता येत नाही आणि हा नियम भारतीयांनाही लागू आहे.

मे २०२४ मध्ये कोचीला झालेल्या करारदेशांच्या बैठकीत भारताने ‘मैत्री-२’ केंद्राची योजना मांडली. अशा खंडावर देशाचं वजन ठरतं ते सातत्याने केलेल्या मोजणीवर. ती थांबली, तर नकाशावर फक्त नाव उरेल.