आभाराची वसुली

सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले, नद्यांनी पिकाबरोबर शेतातली मातीही नेली आणि पाठोपाठ मदतीची पाकिटे गावोगाव पोहोचली. काही पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो छापलेले होते. वृत्तपत्रांनी झोड उठवली, लोकांनी यथेच्छ टिंगल केली. ती पुढाऱ्यांनी कमावलेलीच होती. पण पुढाऱ्यांना हसणाऱ्या आपल्या हातात तरी काय होते? मोबाइलच. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून ओळीत उभी केलेली मुले, मध्ये पाहुणे, मागे फलक आणि ‘हसा रे जरा’ अशी सूचना. हे दृश्य वर्षभर एवढ्या वेळा समोर आले की कुसळासारखे खुपत राहिले. वर्षाचा साग्रसंगीत आढावा आमचे वाचक आमच्याकडे मागत नाहीत, हे आता सवयीने ठाऊक झाले आहे. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासननिर्णय सरकारला जूनअखेर मागे घ्यावा लागला, त्यावर या अंकात लेख आहेत. १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, आणि यंदाचा ‘पत्र’ हा विषय तिथूनच सुचला. तेव्हा आमचे कुसळही पत्राच्याच निमित्ताने काढू. गरीब देशातले एखादे मूल दूरदेशीच्या अनोळखी दात्याला आभाराचे पत्र लिहिते, त्या पत्राबद्दल आमची तक्रार आहे.

परक्या देशातल्या एका मुलाचा खर्च एका माणसाने उचलायचा, ही रीत युद्धांनी रुजवली. १९३७ साली स्पेनच्या यादवीत बेघर झालेल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने अशी योजना काढली. आजची प्लॅन इंटरनॅशनल ही संस्था तिच्यातून वाढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रिचमंड गावी चिनी मुलांसाठी निधी सुरू झाला, त्याचे आजचे नाव चाइल्डफंड. कोरियातल्या युद्धाने वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या दोन संस्था घडवल्या. युद्धे संपली, रीत उरली. (कोरियाची गोष्ट तर मौजेची आहे. कम्पॅशनने तिथले काम १९९३ मध्ये आवरले आणि दहा वर्षांनी कोरियन लोकच इतर देशांतल्या मुलांचे दाते झाले.) आज अशी काही लाख नव्हे, काही दशलक्ष मुले जगात आहेत. महिन्याला चाळीस डॉलरच्या आसपास रक्कम, त्या बदल्यात मुलाचा फोटो, नाव, वय, आवडता खेळ, आणि वर्षातून काही वेळा मुलाच्या हातचे पत्र. मूल आपल्या भाषेत लिहिते, संस्थेचा कोणी तरी त्याचे भाषांतर करतो, दाता ते जपून ठेवतो. मराठीत आपण या व्यवहाराला सर्रास ‘मूल दत्तक घेणे’ म्हणतो. ते चूक आहे. मुलाचे आईबाप बहुधा जिवंत असतात, मूल त्यांच्याच घरात झोपते, आणि त्यांना आपले मूल कोणाला दत्तक द्यायचे नसते.

या रीतीवर टीका जुनी आहे. ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या मासिकाने १९८२ मध्ये एक अख्खा अंक काढून वाचकांना सांगितले होते की या मुलाचे पालकत्व कृपा करून घेऊ नका. एका मुलाला निवडले की शेजारचे मूल वगळले जाते, पैसा व्यवस्थापनात जातो, लाचारी वाढते, असे एकूण म्हणणे. आम्ही त्या गोटात नाही, कारण मधल्या काळात पुरावा आला आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्ल्यूवी आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त एक अभ्यास छापला. भारत, केनिया, युगांडा, फिलिपीन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया या सहा देशांतल्या दहा हजारांवर माणसांची माहिती त्यांनी गोळा केली. कम्पॅशनची योजना गावात आली तेव्हा जी मुले वयात बसत होती त्यांची तुलना त्यांनी वयाची अट ओलांडलेल्या भावंडांशी आणि शेजाऱ्यांशी केली. भावंडांच्या बाबतीत घर तेच, आईबाप तेच, फरक जन्मसालाचा. योजनेतली मुले सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण १२ ते १८ टक्के बिंदूंनी वाढले आणि मोठेपणी पगारी पांढरपेशा नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. एकाच संस्थेचा अभ्यास आहे, हे मान्य. तरीही गरिबांच्या मदतीला नाके मुरडणाऱ्यांनी हे आकडे आधी खोडून दाखवावेत.

आता प्रश्न असा की यातले नेमके काय लागू पडले. शाळेची फी, गणवेश, दुपारचे जेवण, आरोग्य तपासणी, आणि आठवड्यातले कित्येक तास मुलांना शिकवणारी, रागावणारी, ‘तू पुढे शिकशील’ म्हणणारी गावातलीच माणसे. की भिंतीवरचा फोटो आणि पोस्टातले पत्र? केनियात बुसिया भागात एका डच संस्थेच्या मदतीवर मायकल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी केलेले काम इथे बघण्यासारखे आहे. निवडलेल्या शाळांतल्या मुलांना गणवेश आणि पुस्तके मिळाली, वर्गखोल्या बांधल्या गेल्या. एका मुलाला वेगळे काढून नव्हे, शाळेतल्या मुलांना. पाच वर्षांनी त्या शाळांतली मुले सुमारे १५ टक्के जास्त शिकलेली आढळली आणि आसपासच्या शाळांतली मुलेही नाव काढून तिकडे आली, वर्ग ओसंडले. गणवेश स्वतःच्या खर्चाने घ्यावा लागतो म्हणून मूल घरी बसते, ही साधी गोष्ट होती. ती दूर करण्याशी कोणाच्या आवडत्या रंगाचा संबंध नव्हता. याच क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळाले. उलट पत्राचे काय होते, ते ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९९८ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या वार्ताहरांनी वेगवेगळ्या संस्थांमार्फत डझनभर मुलांचे पालकत्व घेतले आणि मग त्यांना शोधत गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधली एक मुलगी वीज पडून केव्हाच मेलेली होती. त्यानंतरही तिच्या नावाचे पैसे घेतले जात होते आणि ती आहे असे धरूनच कागद पाठवले जात होते. लबाडी म्हणून हे उदाहरण देत नाही, कारण मोठ्या संस्थांनी त्यानंतर आपल्या पद्धती सुधारल्या. मुद्दा असा की मुलगी नसतानाही पत्राचे यंत्र चालू शकते, गणवेशाचे यंत्र चालू शकत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की चेहरा दाखवल्याशिवाय खिशातून पैसा निघत नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे मोजमापही झाले आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातून हवे तेवढे दान करा म्हटले. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. गोष्ट आणि आकडे एकत्र वाचणाऱ्यांनी मात्र १.४३ वर हात आखडला. म्हणजे आकडे आले की चेहऱ्याचीही जादू उतरते. माणसाच्या मनाची ही घडण आम्ही बदलू म्हटले तर ते हास्यास्पद होईल. पण या प्रयोगातून एवढेच निघते की देण्याची सुरुवात चेहऱ्याने होते. त्या चेहऱ्याने पुढे नऊ वर्षे दर काही महिन्यांनी आभार मानत राहावे, हे त्यातून निघत नाही. पहिले जाहिरातीचे काम आहे, ते एका चित्राने भागते. दुसरी वसुली आहे, आणि ती वयाने सर्वांत लहान ऋणकोकडून होते. वर्ल्ड व्हिजनने २०१९ पासून उलटा प्रकारही सुरू केला आहे: दात्यांचे फोटो लावायचे आणि मुलाने त्यातून आपला दाता निवडायचा. कल्पना दिसायला देखणी आहे. आमच्या मते त्यात फोटोंची जागा बदलली, देणेघेणे तेच राहिले.

आपल्याला हे कळायला हवे, कारण या व्यवहाराच्या घेणाऱ्या बाजूला आपण खूप आधीपासून आहोत. वार लावून जेवलेल्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत अन्नाबद्दलची कृतज्ञता असते तशी पंक्तीच्या टोकाला बसवल्याची सलही असते. १८८७ साली बोस्टनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कामासाठी दहा वर्षे मदत देण्याचे वचन देणारी मंडळे उभी राहिली आणि त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. चारच वर्षांत धर्मांतराचा वाद पेटला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि रकाने भरून भांडण झाले ते दाते काय परत मागतात याबद्दल. तेच भांडण २०१७ मध्ये पुन्हा झाले. परकीय निधीच्या कायद्याखाली पूर्वपरवानगीची अट लागल्यावर कम्पॅशनला भारतातले सुमारे पन्नास वर्षांचे काम गुंडाळावे लागले. तेव्हा त्यांच्या यादीत इथली जवळपास दीड लाख मुले होती. सरकारचा संशय धर्मप्रसाराचा होता, संस्थेने तो नाकारला. निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण त्या दीड लाखांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली होती, आणि त्यांना विचारून काहीच ठरले नाही, ना सुरुवात, ना शेवट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा त्यांना हे दुखणे नेमके कळले होते असे वाटते. गावाने मूठमूठ धान्य द्यावे आणि मुलाने कमवावे व शिकावे, यात कोणी कोणाचे आभार मानायला उरतच नाही. आजही महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मदत, किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला चार हजार रुपये मिळणारे मूल जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला प्रेमपूर्वक पत्र लिहीत नाही. पैसे उशिरा येतात म्हणून त्याची आई तिथे जाऊन भांडते. भांडता येणे हीच त्या पैशाची खरी ओळख.

आई हा शब्द आला ते बरे झाले, कारण या सगळ्या पत्रव्यवहारात ती कुठेच नसते. फोटोत मूल एकटे असते. घरात तीन भावंडे असली तर कोणाची फी आधी भरायची, शेळी घ्यायची की छपरावर पत्रे टाकायचे, हे तिला कळते, डॉलर पाठवणाऱ्याला कळत नाही. केनियातल्या सियाया भागात साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर थेट, कोणतीही अट न घालता दिले गेले. त्यावरच्या अभ्यासात दिसले की एका डॉलरमागे त्या भागाची अर्थव्यवस्था सुमारे अडीच डॉलरने वाढली, पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचेही बरे चालले, आणि महागाई नावालाच वाढली. ‘रोख दिली की दारूत जाते’ हा आपल्याकडचा लाडका सिद्धान्त. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी एकोणीस अभ्यास चाळले, त्यांत तो टिकला नाही. रोख हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. शिकवणी आणि दवाखाना त्यातून आपोआप उगवत नाही. पण अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलैला बंद झाली आणि गरीब देशांतला सरकारी मदतीचा मोठा आधार गेला. अशा वर्षी ज्यांच्याकडे चाळीस डॉलर आहेत, आणि परदेशातल्या मराठी वाचकांकडे ते नक्की आहेत, त्यांनी ते कुटुंबाच्या हाती पडतील असे बघावे.

शेवटचा आक्षेप हळवा आहे: मुलांना पत्रे आवडतात, दुसऱ्याला पत्र आले आणि आपल्याला नाही, तर मूल हिरमुसते. हे खरे असेल. मग दात्याने लिहावे. ‘अबाउट श्मिट’ या २००२ च्या चित्रपटातला निवृत्त म्हातारा टांझानियातल्या सहा वर्षांच्या मुलाला बायकोच्या तक्रारींसकट सगळे लिहीत सुटतो. ते अप्रस्तुत आहे, पण निदान लिहिण्याचे कष्ट पैसेवाला घेतो. आणि आभार मानायचेच असतील तर ते मानण्याचे वय वेगळे असते. हिल्डे बॅक ही नाझींच्या तावडीतून निसटलेली स्वीडनमधली शिक्षिका. तिच्या थोड्याशा पैशांवर केनियातला ख्रिस म्बुरू माध्यमिक शाळा शिकला, हार्वर्डला गेला, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा वकील झाला. मग त्याने आपल्या गावाकडच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी काढला, त्याला तिचे नाव दिले आणि स्वीडनच्या वकिलातीमार्फत तिचा पत्ता शोधून काढला. तोवर ते एकमेकांना भेटलेले नव्हते.

दरवर्षीप्रमाणे मदतीला पात्र संस्थांची यादी अंकाच्या शेवटच्या पानांवर आहे. संस्थांनी मुलांचे फोटो आणि पत्रे सोबत पाठवली होती. ती आम्ही छापलेली नाहीत.