शाल नको, चार वर्षांची फी द्या

विश्रामबागेत १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी आहे. आणि त्याच रस्त्यावर चहाचे ग्लास विसळणारा, पंक्चर काढणारा पोरगाही आहे. त्याला नाव विचारा. पुष्कळदा ते तुमच्या-माझ्या नावासारखेच निघते.

दरवर्षी आपण गुणगौरव समारंभ घेतो. नव्वद टक्केवाल्याला शाल, ट्रॉफी, फोटो. जो नववीतच गळाला, त्याला कोण बोलावतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून मोकळे केले. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकारला बोल लावताना आपला आवाज चढतो, चढलाच पाहिजे. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले, तेव्हा आपल्यातल्या किती संस्थाचालकांनी म्हटले, की सूट मिळाली तरी गरिबांच्या पाव जागा आम्ही भरू? समाजाच्या नावावर सवलत घ्यायची आणि समाजाचेच पोर दाराबाहेर ठेवायचे, हा कुठला न्याय?

शिवाय कायद्याची सावली आठवीपर्यंतच. पुढे गॅरेज उघडेच असते. 'शिकून पोट भरतं का?' हा बापाचा सवाल खोटा नाही. पोराची कमाई घराला हवी असते. वह्या वाटून ती भरून निघत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात ठेवली. दोघांनाही कळले होते, की पुस्तकाआधी भाकरी लागते, निजायला जागा लागते, दिवा लागतो.

रमजानमध्ये अडीच टक्क्यांचा हिशोब आपण करतोच. त्यातून एक गरजू मूल धरा, आणि नववी ते बारावी सोडू नका. मुलगी असेल तर आधी धरा. मोहल्ल्यातली एक खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडा. दाखल्यासाठी तिच्या बापाबरोबर तहसील कचेरीत जा. त्याची मजुरी बुडते, तुमची फक्त रजा जाते.

एवढे केलेत, तर शाल तुम्हालाच घालू.