कंपनी सुटते, शेतकरी अडकतो



२०१९ साली पीएम-किसान आली. याद्या सरकारने केल्या, हप्ते सरकारने टाकले. २०२० पासून तहसीलच्या नोटिसा सुरू झाल्या : ‘तुम्ही प्राप्तिकर भरता, अपात्र आहात, पैसे परत करा.’ वर्षाचे ६००० रुपये बियाण्या-खतात केव्हाच मातीत गेलेले!

पुढे कापूस गेला, ज्वारी गेली, शेतकरी कोर्टात नादार ठरला, तर तो सुटेल? नाही. इंग्रजांच्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचे कलम ४४ सांगते : नादाराची इतर बहुतेक देणी सुटतील, सरकारचे येणे सुटणार नाही.

कंपनीला न्याय वेगळा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तिची योजना मंजूर झाली, की त्या योजनेत नसलेले सरकारी येणेही बुडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तसा निकालच दिला. याच संहितेतला साध्या माणसासाठीचा भाग मात्र शेतकऱ्याला अजून लागू नाही.

खोटे कागद करून पैसे उचलणाऱ्याची वकिली आम्ही करत नाही. पण तपासणीत चुकले सरकार, भुर्दंड कोरडवाहू शेतकऱ्याला का?

धाराशिवच्या बैठकीत ठराव करू : नादार शेतकऱ्याला कंपनीचाच न्याय लावा. नोटीस आलेल्यांनी ती सोबत आणावी.