देशाचे दार उघडले, पण तुमची तयारी झाली का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाची सीमा उघडल्यावर महिनाभर दवाखान्यात एक प्रश्न सारखा ऐकू येत होता. "डॉक्टर, ऑस्ट्रेलिया उघडलंय. जाऊ ना?" विचारणारे बहुतेक जण साठी-सत्तरीचे. मुलगा किंवा मुलगी सिडनीत नाहीतर मेलबर्नमध्ये. नातवंड टाळेबंदीत जन्मलेले, आजवर फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले. पर्यटक म्हणून व्हिसा मिळत असला तरी ही मंडळी खऱ्या अर्थाने पर्यटक नव्हती. ती आपल्या माणसांना भेटायला निघाली होती.

म्हणून सुरुवातीलाच माझे मत सांगतो. जा, जरूर जा. दोन वर्षांचा एकटेपणा हासुद्धा आजाराइतकाच त्रासदायक असतो. झोप उडालेले, जेवण कमी झालेले, कशातच मन न रमणारे कितीतरी आईवडील मी या काळात पाहिले. पण पुढच्या आठवड्याचे तिकीट काढून माझ्याकडे 'फिट' असल्याचा दाखला मागायला येऊ नका. एखाद्या देशाने सीमा उघडली म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने धोका आवाक्यात आला, एवढेच. तुमच्या हृदयाबद्दल, साखरेबद्दल किंवा गुडघ्यांबद्दल त्या निर्णयात एक शब्दही नसतो.

दोन वर्षांत काय झाले?

ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० रोजी परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केली. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट भरात असताना, तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही काही दिवस प्रवेशबंदी होती आणि ती मोडल्यास दंडाची व तुरुंगवासाची तरतूद होती. १ नोव्हेंबर २०२१ पासून तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या आईवडिलांना जवळचे कुटुंबीय मानून सवलत मिळाली. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींना तोपर्यंत मान्यता मिळाली होती. मुले शिक्षणासाठी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पालकांना मात्र २१ फेब्रुवारी २०२२ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी दोन डोस घेतलेल्या सर्व व्हिसाधारकांसाठी सीमा उघडली.

याच दोन वर्षांत आपल्या घरी काय झाले? नियमित तपासण्या थांबल्या. "करोनात कुठे लॅबमध्ये जायचं" म्हणून साखरेची तपासणी राहिली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे गेली. फिरणे बंद झाले, वजन वाढले. जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणणे चालू राहिले. २०१९ मध्ये आरामात परदेशवारी करून आलेली व्यक्ती २०२२ मध्ये तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

"मुलाला सांगू नका"

त्याच काळात एक काकू आल्या. वय अडुसष्ट, मधुमेह जुना. नात दीड वर्षाची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही. त्यांना फक्त दाखला हवा होता. मी तपासण्या करायला लावल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी दहाच्या वर निघाली आणि पायाच्या अंगठ्याखाली एक छोटी जखम होती. तळव्याची संवेदना कमी झाल्यामुळे ती त्यांना कळलीच नव्हती. मी सहा आठवडे मागितले. त्या नाराज झाल्या आणि जाताना म्हणाल्या, "हे मुलाला सांगू नका. तो येऊ नको म्हणेल."

मला या लेखात हेच सांगायचे आहे. आईवडील आजार लपवतात, कारण त्यांना भेट रद्द होण्याची भीती असते. मुले तिथल्या उपचारांचा खर्च सांगत नाहीत, कारण आईवडिलांनी काळजी करू नये असे त्यांना वाटते. दोघांचाही हेतू प्रेमाचाच असतो, आणि गडबड झाली की दोघेही अडचणीत येतात. ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा भारतातून गेलेल्या पाहुण्यांना लागू होत नाही. तिथे रुग्णालयात भरती व्हावे लागले तर आधार विम्याचाच. विमा घेताना मधुमेह किंवा जुना हृदयविकार लपवला, तर कंपनी नेमका त्याच आजाराचा दावा नाकारू शकते. हप्ता थोडा जास्त बसला तरी चालेल, पण फॉर्मवर खरे लिहा. आधीपासूनचे आजार धरलेले आहेत का, ही ओळ पॉलिसीत स्वतः वाचा.

मी काकूंना सांगितले की तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही, पण तुम्ही स्वतः सांगा. दोन दिवसांनी त्यांनी सांगितले. मुलाने "येऊ नको" म्हटले नाही. त्याने तिकीट एप्रिलअखेरीस ढकलले. जखमही भरत आली.

सहा आठवडे कशासाठी?

औषध बदलले तर त्याचा परिणाम दिसायला आणि डोस जुळवायला वेळ लागतो. या काळात पुढील गोष्टी होऊ शकतात.

१. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड यांची तपासणी आणि ईसीजी. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. विमानाच्या केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ असते. जमिनीवर धाप लागणाऱ्याला वर जास्त त्रास होऊ शकतो.

२. बूस्टर डोस. १६ मार्च २०२२ पासून आपल्याकडे साठीवरील सर्वांना तो मिळू लागला. त्या वेळी दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांचे अंतर लागत होते. प्रवासासाठी तेव्हा कोविन संकेतस्थळावरून जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काढून घ्यावे लागत होते.

३. फ्लूची लस. ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपला उन्हाळा संपतो तेव्हा तिथे हिवाळा सुरू होतो आणि साधारण मे ते सप्टेंबर हा तिथला फ्लूचा हंगाम असतो. सीमा बंद असताना तिथे फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०२२ मध्ये सीमा उघडल्यावर प्रवाशांबरोबर तोही परत येण्याची शक्यता होती, आणि दोन वर्षे संपर्क न आल्याने लोकांची प्रतिकारशक्ती कमी असण्याची भीती होती. लशीचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

४. करोना चाचणी. २०२२ च्या सुरुवातीच्या नियमाप्रमाणे निघण्याआधी तीन दिवसांच्या आतली आरटी-पीसीआर किंवा २४ तासांच्या आतली, वैद्यकीय देखरेखीखाली केलेली रॅपिड चाचणी लागत होती. नुकताच करोना होऊन गेला असेल तर बरे झाल्यावरही पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अशांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा.

विमानात आणि बॅगेत

चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो कमीच असतो. दर तास-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी पाऊल वरखाली हलवा, पाणी पीत राहा. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील तर आधी विचारा. शेजाऱ्याने सांगितले म्हणून अॅस्पिरिन घेऊ नका.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. पूर्वेकडे जाताना दिवस चार-पाच तासांनी लहान होतो, त्यामुळे दोन डोसमधले अंतर कमी होते आणि साखर एकदम उतरू शकते. प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

गोळ्या मूळ पाकिटातच न्या. पाहुण्यांना जास्तीत जास्त तीन महिन्यांची औषधे नेता येतात, आणि सोबत इंग्रजीतली चिठ्ठी हवी. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या कंपन्यांची नावे तिथे कुणी ओळखणार नाही. सहा महिने राहणार असाल तर पुढच्या औषधांसाठी तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला मुलांना आधीच सांगा. नातीसाठी नेलेले डिंकाचे लाडू असोत वा तुमचे चूर्ण, विमानतळावरच्या फॉर्ममध्ये नोंदवा. जप्त झाले तर नवीन मिळेल, लपवले तर दंड होतो.

तिथे पोहोचल्यावर छातीत दुखले, बोलताना जीभ अडखळली, हातापायातली शक्ती गेली, तर "मुलगा ऑफिसातून येऊ दे" म्हणून थांबू नका. तिथला तातडीचा क्रमांक ००० आहे. घरच्या पत्त्यासह तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

परदेशातल्या मुलांनाही एक विनंती. तिकीट काढण्याआधी आईवडिलांच्या डॉक्टरांशी, त्यांच्या संमतीने, दहा मिनिटे बोला. आणि आल्या आल्या बाळाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. दोन वर्षांत त्यांचेही वय वाढले आहे.

दोन वर्षे धीर धरलात, आणखी सहा आठवडे धरा. नातवंडाला मांडीवर घ्यायचे आहे ना, मग त्याला उचलण्याइतके ठणठणीत होऊन जा.