गीझरची कुरकुर वेळीच ऐका

भगिनींनो, तांब्याचा बंब पेटवायचा म्हणजे डोळ्यांत धूर आणि हाताला राख. पण त्याचं दुखणंखुपणं आपल्याला कळायचं. गीझर मात्र भिंतीवर उंच बसलेला! तो रुसला की घरादाराच्या आंघोळी खोळंबतात.

पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो? आतून कडकड आवाज येतो? मग बोअरच्या पाण्यातले क्षार कॉइलवर बसले असे समजावे. पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसेच. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, माहितगार मेकॅनिककडून टाकी साफ करून घ्यावी. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असेल, तर तीही झिजल्यास बदलावी.

पाणी मुळीच तापत नसेल, तर आधी स्विच आणि फ्यूज पाहावा. ते ठीक असतील, तर बहुधा कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून तिथे चिंधी कोंबू नका हं! जादा दाब तिथूनच बाहेर पडतो. ती वाट बुजली तर टाकी फुटू शकते.

आणि नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ‘रविवारी बघू’ म्हणू नये. नळ सोडून बाहेर यावे, कोरड्या हाताने मेन स्विच बंद करावा आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत गॅसवर पातेल्यात पाणी तापवावे. चार दिवस गैरसोय होईल, होऊ द्या. घरचं माणूस त्याहून मोलाचं!