चाकांवरची चूल

दीपावलीचा अंक वाचकांच्या हाती देताना संपादकाने साहित्याविषयी, संस्कृतीविषयी आणि अगदीच काही न सुचल्यास कागदाच्या वाढत्या दराविषयी चार शब्द लिहावेत असा संकेत आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या प्रथेचा पाया घातला आणि त्यानंतरच्या अनेक संपादकांनी तो संकेत निष्ठेने पाळला. यंदा तो मोडून आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या खाद्यगाडीविषयी, म्हणजे आता ज्याला सर्रास फूड ट्रक म्हणतात त्या चाकांवरच्या चुलीविषयी लिहिण्याचे योजिले आहे. विषय सणाला न शोभणारा वाटेल. परंतु ज्या पंधरवड्यात माहीमच्या कंदील गल्लीपासून पुण्याच्या मंडईपर्यंत आकाशकंदील, पणत्या, रांगोळी, उटणे आणि हे दिवाळी अंकसुद्धा पदपथावर मांडूनच विकले जातात, आणि एरवी पदपथ मोकळे करा म्हणून वॉर्ड कचेरीत अर्ज देणारा नागरिकही वाकून पणत्यांचा भाव करताना आढळतो, त्या पंधरवड्याइतका रस्त्यावरच्या व्यापाराचा विचार करण्यास सोयीचा काळ आम्हांस दुसरा दिसत नाही.

या खाद्यगाडीविरुद्ध तक्रारदार आहे हॉटेलवाला, आणि त्याची तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. गाळ्याचे भाडे व त्यावरची भरभक्कम अनामत, मालमत्ता कर, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, अन्नसुरक्षा कायद्याखालील परवाना, दुकाने व आस्थापनांची नोंदणी, नोकरांचा भविष्यनिर्वाह निधी, आणि २०१७ च्या नोव्हेंबरापासून साध्या उपाहारगृहावर बसलेला पाच टक्के वस्तू व सेवा कर, ज्यात त्याने तेल, भांडी अथवा गाळ्याच्या भाड्यावर आधीच भरलेल्या कराची वजावट मिळत नाही: एवढे सारे दप्तर सांभाळून तो सकाळी शटर वर करतो, आणि ऐन संध्याकाळी, गिऱ्हाईक ज्या चार तासांत येते त्याच चार तासांपुरता, समोरच्या कडेला एक ‘छोटा हत्ती’ येऊन उभा राहतो, त्याची बाजूची फळी उघडते, आत १९ किलोचा सिलिंडर पेटतो, आणि हॉटेलच्या दाराशी आलेली तरुण मंडळी पाऊल वळवून तिकडे जातात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीने वार्षिक बारा लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान अन्नव्यावसायिकाला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणीची मुभा दिली. गाडीवाल्याची खरी उलाढाल किती हे मोजणार कोण, असा हॉटेलवाल्याचा सवाल असतो, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही.

गाडीवाल्याचे म्हणणे याहून थोडके असते. गाळा घेण्याइतके भांडवल माझ्यापाशी असते तर मी उन्हातान्हात उभा राहिलो असतो काय, एवढेच तो म्हणतो. या उत्तरात हॉटेलवाल्याच्या एकाही मुद्द्याचे खंडन नाही. परंतु मुंबईच्या खाद्यव्यवसायाचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे वजन ध्यानात येते. ताजमहाल हॉटेलच्या पाठीमागच्या रस्त्यावर १९४६ साली सीख कबाबाची जी शेगडी लागली तिचे पुढे ‘बडेमियाँ’ झाले. ताजच्या भोजनगृहातील एकही टेबल त्यामुळे रिकामे राहिल्याचे कोणी ऐकलेले नाही. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकण्यास आरंभ केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने पुढे मराठी तरुणांना वड्याची गाडी टाकण्यास उत्तेजन दिले, आणि उडुपी उपाहारगृहांच्या समोर उभी राहिलेली ती गाडी पोटापाण्याच्या साधनाबरोबर राजकीय भूमिकाही होऊन बसली. आजच्या वादात गाडीला परप्रांतीयांचे अतिक्रमण म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढा पूर्वेतिहास विसरू नये. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती शासनाने तर सार्वजनिक जागांवर रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडून स्वतःच या स्पर्धेत उडी घेतली. ती योजना काही वर्षांत गुंडाळली गेली, आणि तिच्या टपऱ्यांतून पुढे जे जे शिजले त्यात झुणका क्वचितच होता. इतके सारे होऊनही माटुंग्याला १९४२ पासून चालत आलेले रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह केळीच्या पानावर वाढत राहिले. इराण्याची हॉटेले मात्र एकामागून एक मिटली. परंतु त्यांना कोपऱ्यावरच्या जागांच्या वाढलेल्या किमतींनी आणि पुढच्या पिढीच्या अनिच्छेने मिटवले, हातगाडीचा त्यात हात नव्हता.

हा कलह केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात कोणत्याही उपाहारगृहाच्या दारापासून दोनशे फुटांच्या आत खाद्यगाडी उभी करण्यास मनाई आहे. २०१२ साली नवा नियम करताना गाडीत स्वयंपाक करण्याची परवानगी प्रथमच मिळाली, परंतु दोनशे फुटांची हद्द कायम राहिली, ती मोडल्यास एक ते दोन हजार डॉलरपर्यंत दंड ठरला, आणि गाडी कोठे उभी आहे याचा माग काढता यावा म्हणून प्रत्येक गाडीत जीपीएस यंत्र बसवणे सक्तीचे झाले. गाडीतून कपकेक विकणाऱ्या एका महिलेने याविरुद्ध दावा लावला. २०१९ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि निकालाचे कारण लपवून ठेवले नाही: पक्क्या इमारतीतील उपाहारगृहे मालमत्ता कर भरतात, वस्तीला स्थैर्य देतात, तेव्हा त्यांच्या हिताचा विचार करण्याचा शहराला अधिकार आहे. टेक्सासमधील एल पासो या शहराने तर एक हजार फुटांची हद्द घातली होती. तेथे दावा दाखल होताच २०११ साली शहराने ती स्वतःहून मागे घेतली.

इलिनॉयच्या न्यायमूर्तींच्या स्पष्टवक्तेपणाविषयी आम्हांस आदर आहे, त्यांच्या निष्कर्षाविषयी नाही. एकशे नव्व्याण्णव फुटांवर उभी असलेली गाडी ज्या तेलात तळते त्याच तेलात ती दोनशे एक फुटांवरही तळणार. तिचा धूर, तिचे खरकटे पाणी, तिच्याभोवतीची गर्दी यांत दोन फुटांनी काडीचा फरक पडत नाही. अर्थात त्या हद्दीने रस्ताही राखला जात नाही आणि आरोग्यही. राखला जातो तो हॉटेलवाल्याचा गल्ला. महापालिका या संस्थेची स्थापना पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि रस्ते यांसाठी झालेली आहे. एका व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये याचा बंदोबस्त करणे हे तिचे काम असेल तर किराणा दुकानदाराने मॉलविरुद्ध आणि टांगेवाल्याने बसविरुद्ध केलेली फिर्यादही तिला मान्य करावी लागली असती. शिवाय दादर पश्चिमेच्या नकाशावर प्रत्येक उपाहारगृहाभोवती दोनशे फुटांचे, म्हणजे सुमारे साठ मीटरचे, वर्तुळ काढून पाहावे: गाडीला उभे राहण्यास समुद्राखेरीज जागा उरेल असे वाटत नाही.

आपल्याकडेही अंतरे आहेत, पण ती बहुतांशी वेगळ्या गोष्टींपासून मोजलेली. १९८५ च्या जुलैत बॉम्बे हॉकर्स युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जी योजना मान्य केली तीत पूजास्थाने, शाळा व रुग्णालये यांपासून शंभर मीटर, आणि मंडई व रेल्वे स्थानके यांपासून दीडशे मीटर अंतर राखण्याची अट होती, व फेरीवाल्याला द्यावयाची जागा एक मीटर लांब व एक मीटर रुंद होती. रुग्णालयाचे कारण उघड आहे, स्थानकाचेही. मंडईचे नाव त्या यादीत कसे आले? गर्दीचे कारण सांगता येईल. पण मंडईत भाडे भरणाऱ्या गाळेधारकाची काळजी त्यामागे मुळीच नव्हती असे म्हणणे कठीण आहे, म्हणजे शिकागोचा थोडासा अंश आपल्या नियमांतही मुरलेला आहेच. १९८९ साली सोदान सिंग यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले, आणि २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदाच केला.

अडचण अशी की, हा कायदा टोपलीवाल्या, हातगाडीवाल्या, पथारीवाल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. विक्रेत्याने व्यवसाय स्वतः अथवा कुटुंबीयांमार्फत करावा, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नसावे, ही त्यातील प्रमाणपत्राची अट आहे. लाखोंचे कर्ज काढून टेम्पोत ओटा, चिमणी आणि शीतकपाट बसवणारा, दोन पगारी पोरे हाताखाली ठेवणारा, क्वचित दिवसा एखाद्या कंपनीत नोकरी करणारा तरुण या व्याख्येत मावत नाही. एक मीटरच्या चौकोनात तर त्याचे पुढचे चाकसुद्धा मावत नाही. आरटीओच्या दप्तरी त्याची गाडी मालवाहू वाहन म्हणून चढलेली, तीत फेरबदल करावयाचा तर नोंदणीत तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. वाहतूक पोलिसाच्या लेखी ती कडेला थांबलेले वाहन. महापालिकेच्या लेखी विनापरवाना चूल. रस्त्यावर अन्न शिजवू नये ही अट तर या शहरात वारंवार घातली गेली आहे, आणि ज्या कर्मचाऱ्याने तिची अंमलबजावणी करावयाची तोही दुपारी कचेरीबाहेरच्या गाडीवरचा वडापाव खाऊनच कामाला लागतो.

पाळताच येणार नाही असा नियम कागदावर निर्जीव पडून राहत असता तर एक वेळ चालले असते. तसे होत नाही. तो रोज संध्याकाळी वसुलीला निघतो. मुंबई महापालिकेने २०१४ साली फेरीवाल्यांची पाहणी केली तेव्हा सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि पहिल्या छाननीत पात्र ठरले ते सुमारे १५ हजार. उरलेले लोक अपात्र ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी गावी निघून गेले नाहीत. ते उभेच राहिले, आणि उभे राहण्याची मुभा त्यांना परवान्याने दिली नाही म्हणून ती दुसऱ्या कोणीतरी, पावती न फाडता, दररोजच्या हिशोबाने दिली. हॉटेलवाला ज्याला फुकटचा व्यापार म्हणतो तो असा फुकटचा नसतो. फरक एवढाच की, गाडीवाल्याने मोजलेला पैसा महापालिकेच्या तिजोरीत येत नाही, आणि त्याच्या बदल्यात त्याला नळ, कचऱ्याचा डबा अथवा उद्याची खात्री यांपैकी काहीच मिळत नाही. अतिक्रमण विभागाची गाडी येण्याआधी तिची वर्दी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या अर्थव्यवस्थेचे आणखी स्पष्टीकरण नको.

यावर तोड म्हणून रस्ता वेळेनुसार वाटून घेण्याची रीत आपल्याला परकी नाही. आठवडे बाजाराच्या गावी बाहेरचा व्यापारी येतो, बाजारबैठक भरतो, दिवस मावळता पाल उतरवून निघून जातो, आणि गावातला कायमचा वाणी त्याच्यावर दात ओठ खात असला तरी बाजार बंद करा असा अर्ज देत नाही, कारण बाजाराच्या दिवशी येणारी गर्दी त्याच्याही दुकानात शिरते. इंदूरचा सराफा त्याहून बोलका आहे. होळकरांच्या राजवाड्यालगतच्या या पेठेत दिवसभर सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात, रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबी यांच्या कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तो रस्ता खवय्यांचा होतो. सराफ आणि खाद्यविक्रेते यांच्यात तेथेही अधूनमधून कुरबुरी होतात, सिलिंडरच्या धोक्यावरून तर रास्तपणे होतात. पण कुरबुर कशाविषयी आहे ते निदान उघड असते.

हॉटेलवाल्यालाही आमचे एक सांगणे आहे. ज्या पदपथावरून तुम्ही गाडी हटवू पाहता त्याच पदपथावर तुमचा फलक, तुमच्या कुंड्या आणि प्रतीक्षा करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्या असतात. इमारतीच्या फ्रंट मार्जिनवर पत्रा टाकून तेथे आठ टेबले लावण्याची पुण्यातील वहिवाट तर आता इतकी जुनी झाली आहे की, तिला परवानगी लागते हेच पुष्कळांच्या स्मरणातून गेले आहे. तुमच्यावरील दाखल्यांचे ओझे अन्यायाचे असेल, आणि त्यातील बरेच आहे असे आम्हीही मानतो, तर ते कमी करून मागा. त्या मागणीला हा अंक खुशाल जोडून पाठवा. तेच ओझे शेजाऱ्याच्याही पाठीवर लादा म्हणण्याने तुमची पाठ हलकी होत नाही. गाडीकडून मागावयाचे ते मागा: सिलिंडरची तपासणी, पिण्याच्या पाण्याची टाकी, खरकटे नेण्याची सोय, वरच्या मजल्यावरील खिडक्यांत धूर जाणार नाही अशी जागा, पादचाऱ्याला मोकळा सोडलेला पदपथ, आणि नेमलेल्या तासांचे उघड भाडे.

हे सारे ठरवण्यास नवी समिती नेमण्याचेही कारण नाही. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक शहरासाठी नगर पथविक्रेता समिती सांगितलेली आहे. तिचे अध्यक्षपद आयुक्तांकडे, निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि त्यांच्याबरोबर वाहतूक पोलीस, रहिवाशांच्या संघटना व व्यापारी संघटना यांनाही तीत स्थान आहे. हॉटेलवाला आणि गाडीवाला यांना एका टेबलाशी बसवण्याची तरतूद म्हणजे मुळातच झालेली आहे. तिच्या बैठकीची सूचना काढावयाची आहे, खाद्यगाडी हा विषय त्या सूचनेत स्वतंत्र कलम म्हणून घालावयाचा आहे, आणि प्रत्येक वॉर्डातील जागा, तास व भाडे यांची यादी वॉर्ड कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लावावयाची आहे. इतके काम दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर पहिल्याच आठवड्यात सुरू करता येण्याजोगे आहे.