विमानातल्या ताईचं ऐका

मैत्रिणींनो, आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या बायकांना विमान आता तितकंसं नवलाचं राहिलेलं नाही. कुणाची लेक बाळंतपणासाठी आईला परदेशी बोलावते, कुणाचा मुलगा आईवडिलांना दिल्ली दाखवायला नेतो. मंचर-नारायणगावच्या बायका पुण्याचा लोहगाव विमानतळ गाठतात, ओतूरकडच्या माळशेज घाट उतरून मुंबईला जातात. परत आल्या की गप्पा रंगतात त्या विमानापेक्षा विमानातल्या मुलींच्या! "अगं, सारखं टिंग टिंग कशाला वाजतं?" "विमान उतरायला लागलं की ती मांड्यांखाली हात घालून गप्प का बसते? तिलाही भीती वाटते की काय?" "आणि ते पट्ट्याचं पुराण दर वेळी कशाला?"

प्रश्न रास्त आहेत. एकेक घेऊ या.

आधी ते टिंग टिंग. आपल्या एस.टी.त कंडक्टरनं दोरी ओढून एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. बोलावं लागत नाही. विमानातही तशीच खुणेची भाषा असते. प्रवाशानं बटण दाबलं की एक आवाज, कर्मचाऱ्यांचा आपसातला फोन आला की दुसरा. प्रत्येक कंपनीच्या खुणा थोड्या निराळ्या, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बरं का.

दारं लावल्यावर इंग्रजीत एक हुकूम ऐकू येतो आणि प्रत्येक मुलगी आपापल्या दाराशी जाते. दार आणीबाणीत उघडलं तर बाहेर रबरी घसरगुंडी आपोआप फुगावी, अशी तजवीज ती करते. मग एकीचं दार दुसरी तपासते. गॅस बंद केला की नाही हे आपण घरातून निघताना दुसऱ्याला पाहायला सांगतो ना, तसंच.

आता मांड्यांखालचे हात. विमान चढताना आणि उतरताना जोखीम जास्त. अशा वेळी धक्का बसला तर हात इकडेतिकडे आपटून मोडू नयेत, म्हणून ती पाठ-डोकं टेकून तशी बसते. तेव्हा तिच्या मनात उजळणी चाललेली असते : माझं दार कुठलं, बाहेर आग असेल तर काय, आधी काय ओरडायचं, कुणाला हात द्यावा लागेल. दारात नमस्कार करताना ती आपल्याला न्याहाळते तेही त्यासाठीच. कोण धडधाकट, कोण म्हातारं, कुणाच्या कडेवर मूल, हे ती टिपून ठेवते. खिडकीची झापडं उघडायला लावते ती बाहेरचं दिसावं म्हणून, आणि रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. मोठ्या विमानाला परवाना मिळण्याआधी, निम्मीच दारं वापरून सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावं लागतं. चहा-पाणी देणं हे तिचं काम आहेच, पण तिला नेमलेलं असतं ते या 90 सेकंदांसाठी.

आपण मात्र तिला वर्षानुवर्षं 'हवाईसुंदरी' म्हणत आलो. नोकरीचे नियमही तसेच होते. एअर इंडियात एके काळी या मुलींना पस्तिशीत निवृत्त व्हावं लागे, चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी जाई आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी जाई. तेच काम करणारे पुरुष मात्र 58 वर्षांपर्यंत राहत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध भांडल्या. 1981 साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाचा नियम भारतीय स्त्रीत्वाचा अपमान ठरवून रद्द केला. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र तेव्हा तशीच राहिली. आई होणारी बाई लोकांचा जीव वाचवायला नालायक कशी, हे विचारायलासुद्धा कोर्टाची पायरी चढावी लागली, पाहा!

आता त्या पुराणाकडे वळू. त्यातली तीन वाक्यं तरी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिलं : मुखवटा आधी स्वतःला, मग मुलाला. आईच्या जिवाला हे पटत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर मागून जेवणाऱ्या बायका आपण! पण 35,000 फुटांवर आतली हवा गेली तर माणूस अर्ध्या-एक मिनिटात भानावर राहत नाही. मुलाच्या नाकाशी खटपट करता करता आईच बेशुद्ध पडली तर दोघंही गेली. इथे आधी स्वतःचं पाहणं हा स्वार्थ नव्हे.

दुसरं : जीवरक्षक जाकीट विमानाबाहेर पडतानाच फुगवायचं. 1996 साली मुंबईहून निघालेलं इथिओपियाचं एक विमान पुढच्या टप्प्यात अपहरणानंतर कोमोरोसजवळ समुद्रात कोसळलं. आतच जाकिटं फुगवलेले कित्येक जण छताला तरंगले आणि बाहेर येऊ शकले नाहीत.

तिसरं : सामान सोडा. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोला जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण दगावले. पण मोठ्या विमानातले 379 च्या 379 बाहेर आले. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. मुलींनी कर्ण्यातून आणि घसा ताणून सांगितलं, लोकांनी पिशव्या आतच टाकून ते ऐकलं. आपल्या दागिन्यांच्या पिशवीचं काय, असं मनात आलं ना? आलं असेल तर ती पिशवी घरीच ठेवलेली बरी.

भाषेची अडचण खरी आहे. विमानतळावरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत द्याव्यात, अशी सूचना सुरेश प्रभू विमानवाहतूक मंत्री असताना 2018 मध्ये निघाली. विमानात मात्र मराठी कानावर पडेलच असं नाही. म्हणून समोरच्या खिशातलं चित्रांचं कार्ड नीट पाहा. जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा, धुरात दिसत नाही. कळलं नाही तर ताईला विचारा, त्यात लाज कसली?

साडीबद्दलही दोन शब्द. नायलॉनसारखी साडी आगीत वितळून अंगाला चिकटते, प्रवासाला सुती बरी. पायात सपाट, घट्ट बसणारी चप्पल असू द्या. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घट्ट हवा. शाल पांघरलीत तर पट्टा शालीवरून लावा, म्हणजे ताईला तो दिसतो आणि ती तुम्हाला झोपेतून उठवत नाही.

आणि एक. तिला चुटकी वाजवून किंवा कपडा ओढून बोलावू नका. तीही कुणाची लेक आहे, कुणाची आईही असेल. ती सांगायला उभी राहिली की पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा आणि शेजारच्या यजमानांनाही ठेवायला लावा. प्रवास सुखाचा होवो!